हिवाळ्यातील मधपेट्या आणि वरोआ
युरोपातील थंड प्रदेशांत पाळीव मधमाश्या हिवाळाभर राणीभोवती दाट घोळका करून, साठवलेला मध खात आणि छातीचे स्नायू थरथरवत ऊब निर्माण करतात. म्हणून थंडीपूर्वीच पेटीत पुरेसा मध राखणे, उंदीर शिरू नयेत इतके दार अरुंद करणे आणि पेटी कोरडी ठेवणे आवश्यक असते. कोरड्या थंडीपेक्षा ओल अधिक घातक ठरते. दुसरे मोठे संकट वरोआ या तांबूस, जेमतेम दीड मिलिमीटर रुंदीच्या परजीवी कोळ्याचे. आशियातील सातेरी मधमाशी ही त्याची मूळ यजमान. ती त्याला बऱ्याच अंशी आवरते, युरोपीय माशीला ते साधत नाही. पंख विकृत करणारा विषाणूही तो पसरवतो. त्याची वीण मेणाने बंद झालेल्या अळ्यांच्या घरांत होते आणि त्याला मारण्यासाठी वापरले जाणारे ऑक्झॅलिक आम्ल त्या झाकणापलीकडे पोहोचत नाही. त्यामुळे डिसेंबरच्या सुमारास राणीचे अंडी घालणे थांबून ही घरे रिकामी झाली, की आम्लमिश्रित साखरेचा कोमट पाक चौकटींमधील माश्यांनी भरलेल्या प्रत्येक फटीत ५ मिलिलिटर ठिबकवतात. हातमोजे व संरक्षक चष्मा अनिवार्य. हा पाक हिवाळ्यात एकदाच द्यावा; वारंवार दिल्यास माश्यांनाच इजा होते.