राजाबाई टॉवरचे घड्याळ की वाद्य?

१/ मनोऱ्यात बसवलेल्या, सुरांत जुळवलेल्या घंटांच्या वाद्याला फ्रेंच आणि इंग्रजीत कॅरिलन म्हणतात, डचमध्ये बेयार्ट, तर जर्मनमध्ये ग्लोकनश्पील. कॅरिलनचे मूळ ‘चारांचा गट’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. ग्लोकनश्पील म्हणजे घंटांचे वादन. एका भाषेने घंटा मोजल्या, दुसरीने त्यांचे वाजणे टिपले.

२/ मराठीने घंटानादात प्रामुख्याने वेळ ऐकली. ‘तास’ म्हणजे कालावधी आणि ठोके देण्याची धातूची थाळीही. इंग्रजी ‘क्लॉक’चे नातेही घंटेसाठीच्या ‘क्लोका’ या मध्ययुगीन लॅटिन शब्दाशी आहे.

३/ मुंबईचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. प्रेमचंद रायचंद यांनी देणगी देऊन त्याला आपल्या आईचे नाव दिले. त्यातील १६ घंटांवर पूर्वी ‘रूल ब्रिटानिया’सारख्या अनेक धून वाजत. कॅरिलनसाठी किमान २३ घंटा लागतात, म्हणून काटेकोर परिभाषेत हा ‘चाईम’ ठरतो. तरीही ते वाद्यच आहे. मराठी बोलण्यात मात्र ‘टॉवरचे घड्याळ’ एवढेच उरले.

४/ हा केवळ शब्दाचा वाद नाही. घड्याळ म्हटले की काटे बरोबर फिरले म्हणजे जतन पूर्ण झाले, असे वाटते. वाद्य म्हटले की घंटांचे सूर, धून आणि वाजवणारी यंत्रणाही वारशात मोजावी लागते. म्हणून मराठी इतिहासलेखनाने ‘मनोऱ्याचे घंटावाद्य’ हा सरळ शब्दप्रयोग रुजवावा. ज्याला नाव नाही, त्याचे मौन कोणाच्या लक्षातही येत नाही.