भाड्याचे रन

चा बूम-कुन हे नाव ऐकलंय का? नसेल तर आधी हा आकडा बघा: ९८. दक्षिण कोरियाच्या ह्या फॉरवर्डने जर्मनीच्या बुंडेसलीगामध्ये ३०८ सामने खेळून ९८ गोल मारले, आणि त्यातला एकही पेनल्टीवरचा नाही. ४६ फ्रँकफुर्टसाठी, ५२ लेव्हरकुझेनसाठी. त्याच्या काळात दोन्ही क्लबांनी युएफा कप जिंकला, फ्रँकफुर्टने १९८० मध्ये आणि लेव्हरकुझेनने १९८८ मध्ये. १९८८ च्या फायनलचा पहिला सामना लेव्हरकुझेन एस्पान्योलकडून ०-३ हरले होते. घरच्या मैदानावर त्यांनी तीन गोल फेडले, त्यातला तिसरा चा चा. मग शूटआऊट आणि मग कप. त्यानंतर कितीतरी वर्षांनी आलेल्या सोन ह्युंग-मिनने इंग्लंडला जाण्याआधी ह्याच लीगमध्ये ४१ गोल केले. कोरियन लोक हे आकडे अभिमानाने मिरवतात. पण माझा मुद्दा जर्मन लोकांचा आहे. फ्रँकफुर्टच्या कपाटात १९८० चा कप "भाड्याचा" म्हणून वेगळ्या खणात ठेवलेला नाही. चा चे ४६ गोल फ्रँकफुर्टचे गोल आहेत. विषय संपला.

आपल्याकडे मात्र हा विषय काही केल्या संपत नाही.

विदर्भाने रणजी जिंकली म्हटलं की समोरून ठरलेलं वाक्य येतं: "हो, पण वसीम जाफर तुमचा थोडीच होता?" २०२५ मध्ये परत जिंकली, तर वाक्य तेच, फक्त नाव बदललं: "करुण नायर कर्नाटकचा ना?" हे मुंबईच्या, पुण्याच्या, बंगलोरच्या लोकांनी म्हणावं हे एक वेळ ठीक. पण हल्ली नागपूरचेच लोक म्हणून राहिले! धरमपेठेत तर्री पोहे खाता खाता स्वतःच्याच टीमचा कप छोटा करायचा, वर "प्रॅक्टिकल बोलून राहिलो भाऊ" असं ऐकवायचं. ही प्रॅक्टिकल माणसं स्कोअरकार्ड बघत नाहीत, हाच खरा प्रॉब्लेम आहे. चला, आपण बघू.

२०१७-१८. विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळतोय आणि पहिलं विजेतेपद इतक्या वर्षांनी मिळतंय. त्या मोसमात विदर्भाकडून सर्वात जास्त रन कोणाचे? कॅप्टन फैझ फझलचे, ९१२. आपल्या नागपूरचा पोरगा. सेमीफायनलमध्ये कोलकात्याला कर्नाटकला पाच रननी हरवलं, तेव्हा दुसऱ्या डावात सात विकेट काढणारा कोण? रजनीश गुरबानी. फायनलमध्ये दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक कोणाची? परत गुरबानी. शतक कोणाचं? अक्षय वाडकरचं. आणि जाफर? फायनलच्या पहिल्या डावात ७८, आणि शेवटी विजयाचे फटके. म्हणजे त्याने भक्कम हातभार लावला. पण "जाफरने जिंकून दिली" हे वाक्य त्या स्कोअरकार्डातून निघत नाही.

आता "भाड्याचा" ह्या शब्दाबद्दल. आदल्या मोसमात जाफर दुखापतीमुळे खेळू शकला नव्हता. म्हणून २०१७-१८ मध्ये तो विदर्भाकडून प्रोफेशनलचं मानधन न घेता खेळला. चाळिशीला टेकलेला माणूस, भारतासाठी कसोटीत दोन द्विशतकं केलेला, आणि फुकट! ह्याला भाड्याचा म्हणणाऱ्यांनी आपला शेवटचा ओव्हरटाईम कधी फुकट केला ते आठवावं. (कंपल्सरी असलेला धरू नका, तो सगळेच करतात.)

२०१८-१९ मध्ये मात्र जाफरने खरोखर धुमाकूळ घातला. १०३७ रन, विदर्भाकडून सर्वात जास्त. त्याआधी मार्च २०१८ मध्ये इराणी कपात २८६, तेही वयाच्या चाळिसाव्या वर्षी! हे मी नाकारतच नाहीये. पण त्याच मोसमात पूर्ण रणजीत सर्वाधिक रन कोणाचे होते माहितेय? मिलिंद कुमारचे, १३३१. तो दिल्लीचा, पाहुणा म्हणून सिक्कीमकडून खेळला. सिक्कीमने रणजी जिंकली का? नाही. जाफरच्या आधी २०१४-१५ मध्ये तमिळनाडूचा बद्रीनाथ विदर्भाचा कॅप्टन होऊन आला होता. चांगला खेळाडू, मोठं नाव. तेव्हा कप आला का? तोही नाही. पाहुणा आणला की कप येत असता, तर देशातल्या प्रत्येक असोसिएशनने हेच केलं असतं आणि दरवर्षी वीस-पंचवीस टीम विजेत्या ठरल्या असत्या. फेब्रुवारी २०१९ ची जामठ्याची फायनल आठवा. सौराष्ट्रला ७८ रननी हरवलं ते आदित्य सरवटेच्या ११ विकेटनी. पुजारा दोन्ही डावांत त्यानेच काढला, १ आणि ०. सरवटेही आपलाच.

२०२४-२५ चा हिशेब तर आणखी सोपा आहे. करुण नायर ८६३ रन. यश राठोड ९६०, त्या मोसमात रणजीत सर्वात जास्त. हर्ष दुबे ६९ विकेट, एका रणजी मोसमातला आजवरचा विक्रम. बरं, फायनल घ्या. केरळविरुद्ध जामठ्याला आपण ३ बाद २४. घरोघरी टीव्ही बंद करायची वेळ. तिथून दानिश मालेवार आणि करुण नायर ह्यांनी २१५ रनची भागीदारी केली. एकवीस वर्षांचा मालेवार १५३, आणि समोर त्रिशतकवीर नायर ८६. आता सांगा, ह्या २१५ पैकी "आपले" किती आणि "भाड्याचे" किती, ते कुठल्या सॉफ्टवेअरने वेगळे काढणार? पार्टनरशिप म्हणजे एक्सेल शीट नव्हे राव.

आता समोरच्यांचा एक मुद्दा खरा आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही. अकरा जागा असतात. एक पाहुण्याने घेतली की अमरावतीच्या, चंद्रपूरच्या, यवतमाळच्या कुठल्यातरी एकोणीस-वीस वर्षांच्या पोराची जागा जाते. त्या पोराला "अरे, तुला शिकायला मिळतंय" म्हणणं सोपं आहे, बाकावर बसून पाणी नेणं सोपं नाही. म्हणूनच बोर्डाने पाहुण्या खेळाडूंना मर्यादा घातली आहे, एका टीमला तीन. मर्यादा हवीच. पण मग पाहुण्याला मोजायचं कसं, तेही ठरवा. माझ्या मते मोजपट्टी एकच: तो आल्यावर घरची पोरं पुढे सरकली की मागे राहिली? जाफरच्या शेजारी खेळून वाडकर मोठा झाला आणि पुढे कॅप्टन होऊन त्याने २०२५ चा कप उचलला. नायरच्या मोसमात राठोड, मालेवार, दुबे वर आले. ज्या टीममध्ये पाहुणे रन करतात आणि घरची पोरं वर्षानुवर्षं बाकावरच राहतात, तिथे खुशाल बोंबला, मीही येतो बोंबलायला. विदर्भात तसं झालेलं नाही.

बरं, हा रस्ता एकाच दिशेने आहे असं समजू नका. २०२५ च्या फायनलमध्ये केरळकडून पहिल्या डावात ७९ रन करून आपल्या नाकी नऊ आणणारा कोण होता? आदित्य सरवटे! तोच, जामठ्याचा ११ विकेटवाला. आता तो केरळचा पाहुणा होता. हॅटट्रिकवाला गुरबानी? तो महाराष्ट्राच्या टीममध्ये गेला. (नागपूरचा इंजिनिअर शेवटी पुण्यालाच जातो, ह्याचा ह्याहून मोठा पुरावा काय पाहिजे?) केरळ पहिल्यांदाच रणजीच्या फायनलला पोचलं. त्यात सरवटेचा वाटा "भाड्याचा" म्हणून वजा करायचा का? तुम्ही नायरचे रन वजा करत असाल तर तेही करा. मात्र मग सरवटेचं कौतुक करताना "अपना नागपूर का लडका" म्हणायचं नाही. दोन्ही चालणार नाही.

आणि सगळ्यात मोठा दाखला तर आपल्या शहरातच जन्मला. सी. के. नायडू. जन्म नागपूरचा, १८९५. भारताचे पहिले कसोटी कॅप्टन. रणजीत त्यांनी नाव कमावलं ते कोणाकडून? इंदूरच्या होळकर संघाकडून. होळकरांनी चार वेळा रणजी जिंकली ती सीकेंच्याच नेतृत्वाखाली. आपल्या सांगलीचे विजय हजारे घ्या. १९४६-४७ च्या फायनलमध्ये बडोद्याकडून २८८ आणि गुल महंमदबरोबर ५७७ रनची भागीदारी, समोर हेच होळकर. म्हणजे त्या मॅचमध्ये सांगलीचा माणूस बडोद्याकडून, नागपूरचा माणूस इंदूरकडून! रणजीच्या इतिहासातून "बाहेरचे" काढून टाकले तर मागे काय उरेल हो? आणि विदर्भाने पहिला कप कुठे जिंकला? इंदूरला, होळकर स्टेडियमवर. एकेकाळी नागपूरने इंदूरला एक माणूस दिला होता, त्याची परतफेड म्हणा हवं तर.

हे सगळं मी इतकं तावातावाने का लिहितोय? कारण हा फक्त क्रिकेटचा विषय नाही. आपल्या बॅचमधले किती जण नागपुरात राहिले ते मोजा. मिहान आलं, काही कंपन्या आल्या, तरीही निम्म्याहून जास्त हिंजवडी, व्हाईटफील्ड, नाहीतर थेट फ्रँकफुर्ट. तिथे आपण बाहेरचेच आहोत. तिथल्या सिस्टिममध्ये आपण लिहिलेला कोड चालतो, तो त्या कंपनीचा कोड असतो. कुणी म्हणालं की हे मॉड्यूल नागपूरच्या पोराने लिहिलंय, तेव्हा ते आमच्या प्रॉडक्टमध्ये धरू नका, तर तुम्हाला कसं वाटेल? रिलीजच्या रात्री जागायला आपण चालतो आणि श्रेयाच्या ईमेलमध्ये "काँट्रॅक्टर" होतो, हा अनुभव ज्याला आलाय त्याने तरी जाफर-नायरला भाड्याचे म्हणू नये. अख्खी पिढी परगावी घाम गाळून राहिली आहे, आणि तीच पिढी परगावहून आलेल्या माणसाच्या घामाला "आपला नाही" म्हणते. ह्याला शुद्ध मराठीत दुटप्पीपणा म्हणतात. नागपुरीत काय म्हणतात ते इथे लिहिता येत नाही.

करुण नायर २०२५ मध्ये परत कर्नाटकात गेला. त्याने जावंच, त्याचं घर आहे ते. पण ते ८६३ रन तो सोबत घेऊन गेला नाही. ते विदर्भाच्या खात्यात आहेत, जसे चा चे ४६ गोल फ्रँकफुर्टच्या खात्यात आहेत. तेव्हा पुढच्या वेळी कोणी विचारलं की "जाफर तुमचा थोडीच होता?", तर मान खाली घालू नका. सरळ सांगा: ज्या दिवशी त्याने विदर्भाची टोपी घालून बॅट हातात घेतली, त्या दिवशी तो आमचाच होता.