एकखांबी तंबूचे कारखाने

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या लहान कारखान्यात सकाळी डोकावले, तर मालक कोण हे चटकन ओळखता येत नाही. लेथवर तोच उभा असतो, मापे तोच तपासतो आणि थकलेल्या बिलासाठी मोठ्या कारखान्याचे उंबरठेही तोच झिजवतो. आठदहा कामगार असेपर्यंत हा एकखांबी तंबू उत्तम उभा राहतो. कामगार साठ झाले, की त्याच मालकाच्या सहीवाचून साधे ड्रिलही विकत घेता येत नाही. घटत्या फलाचा नियम जमिनीप्रमाणेच मालकाच्या लक्षालाही लागू पडतो.

या परिसरातील मोठ्या उद्योगांनाही हा प्रश्न चुकलेला नाही. राहुल बजाज यांनी १९६८ साली बजाज ऑटोची सूत्रे हाती घेतली आणि वास्तव्य केले ते आकुर्डीच्या कारखान्याच्या आवारातच. मालकाची नजर याहून जवळ असू शकत नाही. परंतु पुढे १९८५ मध्ये वाळूजला आणि १९९९ मध्ये चाकणला कारखाने उभे राहिले. तीन आवारांत एकाच वेळी कोणालाच राहता येत नाही.

सुमंत मुळगावकर यांच्या टेल्कोचा मार्ग निराळा होता. पिंपरी-चिंचवडचा प्रकल्प १९६६ मध्ये सुरू झाला, पण तेथील पहिले व्यापारी वाहन बाहेर पडले ते १९७७ साली. दरम्यान यंत्रे आणि हत्यारे घडवण्यावर व तरुणांना शिकवण्यावर भर राहिला. बारीकसारीक गोष्टींत स्वतः लक्ष घालणारे अशी मुळगावकरांची ख्याती. तरीही ज्यांच्यावर काम सोपवायचे, ती माणसे आधी तयार करण्यात आली. अर्थात, सोपवणे म्हणजे दुरावणे नव्हे. त्याच कारखान्याच्या कामगारांनी १९८९ मध्ये शनिवारवाड्यापाशी उपोषण केले, हेही विसरता येत नाही.

भोसरीच्या मालकाची भीती अगदीच निराधार नसते. फोरमनने चुकीचे हत्यार मागवले, तर पैसे त्याच्याच खिशातून जातात. मात्र ते नुकसान वहीत दिसते. सहीची वाट पाहत यंत्र दिवसभर बंद राहिले, तर त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. फोरमनला ठरावीक रकमेपर्यंतच्या खरेदीचा आणि सदोष माल रोखण्याचा अधिकार लेखी द्यावा. तो चुकला तर कामगारांदेखत त्याचा निर्णय फिरवू नये. मालकाने रोज एक फेरी अवश्य मारावी, पण त्या फेरीत हुकूम सोडू नयेत.