मैदान, पदक आणि आमची मुले

"खेळून काय पोट भरणार आहे?" हा प्रश्न आमच्या बेटावरील घराघरांतून ऐकू येतो. परीक्षा जवळ आली की चेंडू कपाटावर जातो आणि मूल शाळेतून थेट ट्यूशनला. त्या निमित्ताने आज एका ऑस्ट्रेलियन खेळाडूची ओळख वाचक बंधुभगिनींना करून द्यावीशी वाटते.

ह्यूई जेम्स हा मेलबर्नच्या रिचमंड क्लबचा फुटबॉलपटू. त्यांचा फुटबॉल आपल्यासारखा नव्हे. अंडाकृती मैदान, लांबट चेंडू, प्रत्येक बाजूस अठरा गडी, आणि चेंडू हातात धरण्याचीही मुभा. पहिल्या महायुद्धात जेम्स सैन्यात गेला, अधिकारी झाला आणि शौर्याबद्दल मिलिटरी क्रॉसचा मानकरी ठरला.

२८ ऑक्टोबर १९१६ रोजी लंडनच्या क्वीन्स क्लबवर ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या दोन संघांत सामना झाला. जेम्सचा तिसऱ्या डिव्हिजनचा संघ जिंकला. पण पुढे काय झाले? संघाचा कप्तान ब्रूस स्लॉस दहा आठवड्यांच्या आत, ४ जानेवारी १९१७ रोजी, फ्रान्समध्ये ठार झाला. रिचमंडमधला जेम्सचा सोबती लेस ली त्याच वर्षी जूनमध्ये पडला, तर फिट्झरॉयचा जॅक कूपर २० सप्टेंबरला. जेम्स परतला. १९२० साली रिचमंडने व्हिक्टोरियन फुटबॉल लीगमधले आपले पहिले अजिंक्यपद मिळविले, तेव्हा तो संघात होता. कप्तान होता डॅन मिनोग, लंडनच्या त्याच सामन्यातला सहकारी.

त्या काळी सैन्यभरतीसाठी तरुणांना सांगत, युद्ध म्हणजे मोठा खेळच आहे. आम्हांला हे मुळीच मान्य नाही. खेळात पडलेला गडी अंग झाडून उठतो, आणि शिट्टी वाजल्यावर दोन्ही संघ हात मिळवितात. स्लॉस, ली, कूपर उठले नाहीत. ज्या दिवशी हा सामना झाला, त्याच दिवशी ऑस्ट्रेलियात सक्तीच्या लष्करभरतीवर मतदान होते. जनतेने नकार दिला. शूरांचा मान राखूनही तरुण मुलांना बळजबरीने तिकडे पाठवू नये, असे बहुसंख्यांना वाटले.

मग मैदानाने जेम्सला काय दिले? पदक मैदान देत नाही. पण दमल्यावरही आपली जागा न सोडणे, दुसऱ्यासाठी धावणे, हार पचविणे या गोष्टींचा सराव तिथेच होतो. आम्ही शिक्षक आहोत. ट्यूशनमध्ये पहिला येणारा मुलगा एका नापास विषयाने कोसळलेला आम्ही पाहिला आहे, आणि मैदानावर रोज हरणारा मुलगा दुसऱ्या दिवशी हसत वर्गात आलेलाही पाहिला आहे.

म्हणून पालकांना आमची विनंती एवढीच: पुस्तक जरूर हातात द्या, पण तो चेंडू कपाटावरून खाली काढा. आपल्या मुलांना पदके मिळोत वा न मिळोत, ती मैदानावर पडून पुन्हा उठायला शिकोत.