फिरायला जाता, पण ताकदीचं काय?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 2004मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. दिसायला सडपातळ, पण चरबी जास्त आणि स्नायू कमी, ही अनेक भारतीयांच्या शरीराची ठेवण त्या एका फोटोने जगापुढे मांडली.

ही ठेवण पाहता, ‘रोज फिरायला जा’ हा आपल्याकडचा सर्वांत आवडता सल्ला अपुरा आहे. चालण्याने हृदयाला फायदा होतो, मनही हलकं होतं. पण दंड, खांदे आणि पाठ यांना त्यातून फारसं काम मिळत नाही. जेवणानंतर रक्तात येणाऱ्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात, आणि तिशीनंतर हेच स्नायू दर दशकात साधारण 3 ते 8 टक्क्यांनी घटत जातात. भारतात मधुमेहींची संख्या 10 कोटींवर गेल्याचं आयसीएमआरच्या 2023 सालच्या अभ्यासात दिसलं. अशा देशात स्नायूंकडे दुर्लक्ष परवडणारं नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते आणि त्याच्या जोडीला किमान दोन दिवस ताकदीचा व्यायामही सांगते. आपण पहिलं वाक्य पाठ केलं, दुसरं सोडून दिलं.

सर्वांत जास्त नुकसान बायकांचं होतं. याच संघटनेच्या 2022च्या आकडेवारीनुसार भारतात 57 टक्के स्त्रियांची पुरेशी शारीरिक हालचाल होत नाही, पुरुषांमध्ये हे प्रमाण 42 टक्के आहे. सकाळी डबे, संध्याकाळी स्वयंपाक, जिमची फी वेगळी. ‘घरकामात व्यायाम होतोच की’ हे उत्तर त्यांना हमखास ऐकावं लागतं. घरकामाने शरीर थकतं हे खरं, पण ताकद वाढायला स्नायूंवरचा भार हळूहळू वाढवत न्यावा लागतो. रोज तेवढ्याच पोळ्या लाटून तो वाढत नाही.

म्हणूनच स्टेप एरोबिक्स, म्हणजे तालावर पायरीवर चढ-उतर, आणि ताकदीचे व्यायाम आलटून पालटून, घरच्या घरी करण्याची पद्धत घरोघरी पोचायला हवी. स्टेपचा जन्मच दुखऱ्या गुडघ्यातून झाला. अमेरिकेतल्या एरोबिक्स प्रशिक्षक जिन मिलर यांच्या गुडघ्याला 1980च्या दशकाच्या अखेरीस दुखापत झाली. सांध्याभोवतीचे स्नायू बळकट करण्यासाठी दुधाच्या क्रेटवर चढ-उतर करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. मिलर यांनी त्याला संगीताची जोड दिली आणि पुढे रीबॉक कंपनीने तो व्यायाम जगभर नेला.

अर्ध्या तासाचा आराखडा सोपा आहे. पाच मिनिटं अंग मोकळं करायचं. मग तीन मिनिटं पायरीवर चढ-उतर आणि दोन मिनिटं ताकदीचे व्यायाम, अशा चार फेऱ्या. शेवटची पाच मिनिटं ताण देण्यासाठी. ताकदीच्या भागात पहिल्या फेरीत बैठका, दुसरीत भिंतीला हात टेकून जोर, तिसरीत लिटरभर पाण्याच्या बाटल्या खांद्यावरून वर उचलणं आणि चौथीत तांदूळ भरलेली सॅक ओढून पाठीचा व्यायाम. पायरीवर दम लागतो, बैठकांच्या वेळी श्वास थोडा सावरतो, पण स्नायूंचं काम सुरूच राहतं. उड्या नसल्याने खालच्या मजल्यावर धपधप आवाजही जात नाही. सलग अर्धा तास मिळाला नाही, तर पाच-पाच मिनिटांचे तुकडेही चालतात. एका वेळी किमान दहा मिनिटं व्यायाम हवाच, ही जुनी अट जागतिक आरोग्य संघटनेने 2020मध्ये काढून टाकली.

काही पथ्यं मात्र पाळावीत. नवख्यांना 4 इंच उंची पुरते, पुढे 6. प्लॅस्टिकचं स्टूल किंवा घसरणारा पाट नको. जिन्याची सर्वांत खालची पायरी उत्तम. पूर्ण पाऊल पायरीवर टेकवावं, उतरताना पायरीच्या जवळच उतरावं आणि पुढे टाकायचा पाय अधूनमधून बदलावा. सोपं वाटू लागलं की वेगाऐवजी वजन वाढवावं. हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, गुडघेदुखी किंवा गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं.

मधुमेहाच्या रुग्णाला ‘चाला’ असं लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी त्याच कागदावर आठवड्यातले दोन दिवस बैठका आणि जोरही लिहून द्यावेत. हाउसिंग सोसायट्यांनी दुपारी रिकामा पडणारा हॉल बायकांच्या गटांना मोफत द्यावा. आणि घरातल्या बाकीच्यांनी त्या दोन दिवशी अर्धा तास स्वयंपाकघर सांभाळावं.