‘सेंद्रिय’ लिहिलंय, पण कागद कुठे आहे?

गेल्या महिन्यात एक काका तपासणीला आले. मधुमेहाला बारा वर्षं झालेली, गोळ्या नियमित, रोज सकाळी बनेश्वरपर्यंत चालत जाणं-येणं. तरीही तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ७.१ वरून ८.८ वर गेलेली. खाण्यात काही बदल केला का, असं विचारलं तर म्हणाले, “काहीच नाही डॉक्टर. उलट साखर बंद केली. आता चहात गूळ, तोही सेंद्रिय.” काकूंनी पिशवीतून पाकीटच काढून टेबलावर ठेवलं. दिवसातून चार चहा आणि दोन्ही जेवणांनंतर एकेक खडा. पाकिटावर हिरवं पान, ‘१००% सेंद्रिय, केमिकल फ्री’, आणि खाली बारीक अक्षरांत ‘शुगरवाल्यांसाठी उत्तम’.

आधी गुळाचं सांगतो. गूळ सेंद्रिय असो वा नसो, त्यात बहुतांश साखरच असते. थोडं लोह आणि खनिजं असतात हे खरं, पण चमचाभर गुळातून मिळून मिळून किती मिळणार? ऊस शेणखतावर वाढला की युरियावर, हे तुमच्या स्वादुपिंडाला कळत नाही. ‘सेंद्रिय’ हा शब्द पीक कसं पिकवलं ते सांगतो. खाल्ल्यावर तुमच्या शरीरात काय होईल, त्याबद्दल तो काहीही सांगत नाही.

आता दुसरा प्रश्न, तो गूळ सेंद्रिय तरी होता का? नसरापूरहून चेलाडी फाट्याला जा आणि हायवेने थोडं पुढेमागे फिरा. ‘सेंद्रिय गूळ’, ‘सेंद्रिय हळद’, ‘सेंद्रिय हातसडीचा तांदूळ’ अशा पाट्या दिसतील. पाटी रंगवायला परवाना लागत नाही, म्हणून आपल्याला वाटतं की हा शब्द कुणीही वापरावा. तसं नाही. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचे सेंद्रिय अन्नाबाबतचे नियम २०१७ साली आले. त्यानुसार माल ‘सेंद्रिय’ म्हणून विकायचा, तर तो दोनपैकी एका पद्धतीने प्रमाणित असावा लागतो.

पहिली पद्धत म्हणजे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम, एनपीओपी. यात मान्यताप्राप्त त्रयस्थ संस्था शेतावर येऊन तपासते. हंगामी पिकांसाठी साधारण दोन वर्षं आणि फळबागेसारख्या बहुवार्षिक पिकांसाठी तीन वर्षं रसायनं बंद ठेवून शेत ‘रूपांतरणात’ काढावं लागतं. आज युरिया थांबवला आणि उद्या पाटी लावली, असं चालत नाही. दुसरी पद्धत पीजीएस. यात निदान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो. खर्च कमी, म्हणून आपल्या भोर-वेल्ह्यातल्या दोन-तीन एकरवाल्याला ही जास्त परवडते. पाकिटावर या दोन्हींपैकी ज्या पद्धतीने माल प्रमाणित झाला तिची अधिकृत खूण दिसायला हवी. नुसता चौदा आकडी परवाना क्रमांक असला की लोक निर्धास्त होतात. तो क्रमांक अन्नव्यवसायाचा असतो, गूळ साधा असला तरी छापावा लागतो.

ग्राहक बहुतेक वेळा फसतो तो पाकीट भरणाऱ्याकडे. समजा, शेतकऱ्याकडे एनपीओपीचं प्रमाणपत्र आहे. त्याचा माल व्यापाऱ्याने घेतला, दुसऱ्या मालाशेजारी ठेवला, स्वतःच्या पाकिटात भरला. शेतकऱ्याच्या कागदावर हे पाकीट सेंद्रिय ठरत नाही. माल हाताळणाऱ्या, भरणाऱ्या व्यापाऱ्याचंही प्रमाणन लागतं, आणि पाकिटापासून शेतापर्यंत माग काढता यायला हवा. दुकानात सेंद्रिय माल साध्या मालापासून वेगळा दिसेल असाच मांडावा, असंही नियमात आहे. किती दुकानांत तुम्ही तसं पाहिलंय?

नियमात एक सवलत आहे, आणि ती मला योग्य वाटते. स्वतः पिकवून थेट खाणाऱ्याला विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही, फक्त त्याला सेंद्रियची अधिकृत खूण वापरता येत नाही. आमच्या घरचा इंद्रायणी असाच वेल्ह्याकडून येतो. कागद नाही, पण त्या खाचरात मी स्वतः पाय बुडवले आहेत. काय फवारलं, काय नाही हे विचारलं की तो माणूस समोर उभा राहून सांगतो. हायवेवरच्या पाकिटामागे असं कुणी उभं नसतं, म्हणून तिथे कागद मागायचा.

कागद असला म्हणजे सगळं झालं, असंही मी म्हणणार नाही. भारतातून गेलेल्या तिळात इथिलीन ऑक्साइड सापडल्यानंतर युरोपीय संघाने २०२२ पासून इथल्या पाच प्रमाणन संस्थांची मान्यता काढून घेतली. पण कागद असेल तर निदान जाब कुणाला विचारायचा ते कळतं.

हे वाचून डॉक्टर सेंद्रियच्या विरोधात आहेत असं समजू नका. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि मजूर दगावले. आपल्या ताटातल्या अंशापेक्षा पाठीवर पंप घेतलेल्या माणसाच्या अंगावर पडणारं औषध कितीतरी जास्त असतं. माझ्या दृष्टीने सेंद्रिय शेतीला पाठिंबा द्यायचं सगळ्यात मोठं कारण तेच आहे. म्हणूनच, जो शेतकरी तीन वर्षं उत्पन्नाची घट सोसून खरं काम करतो, त्याचा भाव खोट्या पाटीने पाडला की मला राग येतो.

आणखी एक. सेंद्रिय भाजीला शेणखत घातलेलं असतं, त्यामुळे कोथिंबीर, मेथी, काकडी वाहत्या पाण्याखाली नीट धुवाच. ‘सेंद्रिय’ म्हणून घेतलेलं गायीचं कच्चं दूधही न उकळता पिऊ नका. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार होतात, गाय कितीही देशी असली तरी.

काकांनी माझ्यासमोरच पाकिटावरच्या नंबरला फोन लावला. प्रमाणपत्राचं विचारलं तर उत्तर आलं, “ते शेतकऱ्याकडे असतं.” कोणत्या शेतकऱ्याकडे, म्हटल्यावर फोन कट. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार कशी करायची ते मी त्यांना लिहून दिलं. चहा आता बिनगोडाचा. उरलेला गूळ काकू संपवणार म्हणाल्या, तेव्हा त्यांचीही साखर तपासायला लिहून दिली.