आठवडी बाजार : योजना शासनाची, कसोटी समाजाची

नाशिकच्या मळ्यातून संध्याकाळी निघालेली मेथीची जुडी दुसऱ्या दिवशी मुलुंडच्या स्वयंपाकघरात पोहोचते. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. पण एवढ्या प्रवासात तिचे किती मालक बदलले, हा विचार ती निवडणाऱ्या गृहिणीच्या मनात क्वचितच येतो. ठाण्याच्या वाटेने येणारा माल मुलुंडजवळून वाशीला जातो, तेथे गाळ्यावर उतरतो आणि घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांच्या हातांतून पुन्हा खाडी ओलांडून उपनगरात परततो. प्रत्येक टप्प्यावर हमाली, वाहतूक, नासाडी आणि नफा यांची भर पडते. शेतकऱ्याच्या हाती येते ती खर्च वजा केलेली पट्टी.

बाजार समित्यांचा १९६३ चा कायदा शेतकऱ्याच्या संरक्षणासाठीच झाला होता. उघड लिलाव, चोख वजन आणि पैशांची हमी हा त्याचा हेतू स्तुत्य होता. परंतु समितीच्या आवाराबाहेर विक्रीच करता येऊ नये, अशी स्थिती झाली तेव्हा कुंपणानेच शेत खाण्यास आरंभ केला. केंद्राने २००३ मध्ये आदर्श कायदा सुचवला, राज्याने २००६ मध्ये थेट पणनाला वाट करून दिली आणि जुलै २०१६ मध्ये फळे व भाजीपाला नियमनातून मुक्त केला. व्यापाऱ्यांनी संप पुकारला, तरी शासनाने निर्णय मागे घेतला नाही.

त्याच सुमारास राज्य कृषी पणन मंडळाने संत शिरोमणी सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडी बाजार योजना पुढे आणली. ऑगस्ट २०१६ मध्ये तर विधानभवनाच्या आवारातच असा बाजार भरला. अरणच्या ज्या संताने आपल्या मळ्यातच विठ्ठल पाहिला, त्याचे नाव या योजनेस देण्यात औचित्य होते. शेतकरी गट आणि उत्पादक कंपन्यांनी माल थेट आणावा, दर स्वतः ठरवावा व रोख पैसे घेऊन घरी जावे, इतकी ही साधी कल्पना आहे.

साध्या कल्पनांची वाट मात्र साधी नसते. उपनगरांत मोकळी जागा हीच दुर्मीळ वस्तू. आज मिळालेले मैदान पुढील आठवड्यात मिळेलच, याची शाश्वती नसेल तर गाडीभाड्याचा भार शेतकऱ्याने कशाच्या भरवशावर उचलावा? शेतकऱ्याच्या नावाखाली व्यापाऱ्यानेच वाशीचा माल मांडला, तर योजनेचा प्राणच निघून जातो. म्हणून महापालिकेने वार आणि जागा निश्चित करून द्यावी, पणन मंडळाने विक्रेत्याची सातबाऱ्यावरून खातरजमा करावी.

पण सारा भार शासनावर टाकून मोकळे होता येणार नाही. २०२० च्या टाळेबंदीत वाशीचा बाजार काही काळ बंद राहिला, तेव्हा शेतकरी गटांनी भाजीपाला थेट गृहनिर्माण संस्थांच्या दारापर्यंत आणला. त्या दिवसांत सोसायट्यांनी मागणी एकत्र केली, जिन्याखाली वाटपही केले. संकट सरले आणि ती सवयही बव्हंशी सरली. गरज होती तेव्हा शेतकरी आपला होता. गरज संपल्यावर तो पुन्हा अनोळखी झाला काय?

मॉलमध्ये छापील किमतीपुढे मुकाट राहणारा ग्राहक जुडीमागे दोन रुपयांसाठी घासाघीस करतो आणि भर उन्हाळ्यात मटार का नाही, असेही विचारतो. थेट खरेदी म्हणजे केवळ स्वस्ताई नव्हे. त्यात ऋतुमान स्वीकारावे लागते, ठरल्या दिवशी पिशवी घेऊन जावे लागते, पावसाने पालेभाजी सडली तर रिकामी टोपलीही समजून घ्यावी लागते.

घाटकोपर, अंधेरी, बोरिवली, मुलुंड येथील असंख्य कुटुंबांची मुळे याच राज्यातील खेड्यांत आहेत. एखाद्या वसाहतीतील पन्नास कुटुंबांनी एका शेतकरी गटाशी वर्षभराचे नाते जोडले, तर त्या गटाला पेरणीपूर्वीच ग्राहक मिळेल. शासन बाजार उभारून देऊ शकते. तो भरता ठेवणे मात्र समाजाच्याच हाती आहे.